कव्हराखालचं बकल

सावली गावाच्या बसस्टँडसमोर, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सोमाजीचं सीट कव्हरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तीन बाजूंनी टिनं, एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे आणि समोर एक कडुनिंब. त्या झाडाखाली गाडी उभी करायची, सीटा बाहेर काढायच्या आणि दिवस मावळायच्या आत नवं कव्हर चढवून द्यायचं. तीस वर्षं सोमाजीने हेच केलं. आधी ट्रॅक्टरच्या गाद्या, मग प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या, आणि धानाच्या मुलखात लोकांच्या दारी कार यायला लागली तशा कार.

आमच्याकडे गाडी घरी आली की आधी नारळ फुटतो आणि लगेच कव्हर चढतं. बिनकव्हरची गाडी फिरवली तर शेजारी तोंडावर विचारतात, “उसनी आनली का जी?” त्यामुळे सोमाजीला कामाची कधी वाण पडली नाही.

आता कव्हरची एक गंमत ऐका. मागच्या सीटेची बसायची गादी आणि पाठ यांच्या फटीतून पट्ट्यांची बकलं वर डोकावतात. कंपनीने ती मोजून तीन माणसांसाठी दिलेली. आमच्याकडे तिथे पाच बसतात, आणि लग्नसराईत मांडीवरची धरून सात. मग मधल्या बाईच्या कमरेला बकल टोचतं आणि ती गाडीवाल्याचा उद्धार करते. काळी-पिवळीच्या काळात सोमाजीच्या उस्तादाने यावर तोड काढली होती. बकलं फटीत खाली दाबायची आणि वरून कव्हर सलग ताणून शिवून टाकायचं. टोचणं गेलं, सीट सपाट झाली. सोमाजीने ती विद्या उचलली आणि पुढे कुणी सांगो न सांगो, घरच्या चार माणसांच्या गाडीतही तसंच करत गेला.

हाताचा त्याला गर्व होता, आणि हात होताही तसा. त्याच्या कव्हरला सुरकुती म्हणून पडत नसे. काठाला मरून दोऱ्याची दुहेरी शिवण, ही त्याची सही. काम झालं की तो गिऱ्हाइकाला मागच्या सीटेवर हात फिरवायला लावायचा. “पाहा जी, कुठी काही लागते का हाताले?” गिऱ्हाईक हात फिरवायचं आणि खूश होऊन जायचं.

बकलाला कव्हरात वाट ठेवायची तर चार बोटांचा एक काप द्यावा लागतो, त्याला गोट लावायचा आणि टीप मारायची. पाच मिनिटांचं काम. सोमाजीला ते येत नव्हतं असं नाही. पण कापाने सलगपणा मोडतो, आणि मागच्या पट्ट्याची आठवण तरी कुणाला होती? पुढचा पट्टासुद्धा चंद्रपूरचा नाका आला की लागायचा आणि नाका गेला की निघायचा. पट्टा लावला नाही की गाडी टूं-टूं करते. ते बंद करायला नुसती पत्र्याची क्लिप मिळते, ती बकलात खुपसली की गाडीला वाटतं माणसाने पट्टा लावला. सोमाजी त्याही विकायचा. गाडीला फसवून आपण लय हुशार झालो असं वाटणारी माणसं दुकानात रोज यायची, आणि सोमाजी त्यांच्यासोबत हसायचा.

सोमाजीच्या घराला लागून इंदुताईचं घर. तिची मुलगी दिव्यानी लहानपणी दुकानातल्या कातरणांच्या बाहुल्या करायची. सोमाजी आणि गुणाबाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ही पोर अर्धी त्यांच्याच घरी वाढली. मोठी झाली आणि चंद्रपूरला नर्सिंग शिकायला गेली. शेवटचं वर्ष होतं. सोमाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आता बीपी पाहाले आमची घरची नर्स राह्यते.”

मागच्याच्या मागल्या दिवाळीला दिव्यानी सुट्टीवर निघाली. गावातले गोपाल गुरुजी बायकोला घेऊन चंद्रपूरला गेले होते, त्यांनी तिलाही गाडीत घेतलं. पुढे दोघं नवरा-बायको, मागे दिव्यानी आणि दिवाळीच्या पिशव्या. गुरुजी मुळातच भित्रे, त्यांनी नाका गेल्यावरही पट्टा काढला नव्हता, बायकोलाही काढू दिला नव्हता. मूल गाव सोडल्यावर जंगलात, अजून ऊन होतं तेव्हाच, रानडुकरांचा कळप आडवा आला. गुरुजींनी ब्रेक दाबला, गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि ऐनाच्या झाडाला जाऊन लागली. गुरुजींच्या छातीवर पट्ट्याचा निळा वळ उठला. बाईंचा खांदा दुखावला. दिव्यानी दोन सीटांच्या मधून पुढे फेकली गेली आणि तिच्या पाठीचा मणका मोडला.

पंधरा दिवसांनी गुरुजी सोमाजीच्या दुकानी आले. बोलून मन हलकं करायचं होतं बिचाऱ्यांना.

“सोमाजीभाऊ, पोट्टीनं मले विचारलं होतं ना. ‘गुरुजी, मांगचं बकल कुठी आहे?’ मी म्हनलो, ते सोमाजीनं आत टाकलं, त्याच्या कव्हरात बोट शिरत नाई.” गुरुजी डोळे पुसत होते. दोष देण्याचं त्यांच्या मनातही नव्हतं. उलट जाता जाता म्हणाले, “गाडीचं तोंड पार गेलं, पन तुमच्या कव्हराले खरोचबी नाई आली.”

त्या दिवशी सोमाजीने मशीनवर फडकं टाकलं आणि घरी गेला. गुणाबाईने ताट वाढलं, त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

“काय झालं जी?” ती म्हणाली.

“काही नाई.”

चार महिन्यांनी दिव्यानीला घरी आणलं. डावा पाय ओढत चालायची, तासाभराच्या वर बसवत नव्हतं. दवाखान्यात बारा-बारा तास उभं राहण्याचं काम तिच्याने आता होणार नव्हतं. शिक्षण सुटलं. सोमाजीने तिच्या पाठीसाठी गादी शिवली. एकदा शिवली, उसवली, फोम बदलला, परत शिवली. तिसऱ्यांदा घेऊन गेला तेव्हा दुपारी अंगणात ती एकटीच बसली होती.

“काका,” ती म्हणाली, “पट्टा हातात होता माह्या. मूलपासून हातातच धरला होता. बकल कव्हरखाली लागून राह्यलं होतं हाताले, टनक. मी नखानं शिवन उसवाले पाहाली. तुटली नाई.”

एवढं ऐकून सोमाजी काय म्हणाला असेल? म्हणाला, “गादी कडक तं नाई ना झाली?”

त्या प्रश्नाची त्याला आजही लाज वाटते. समोर पोर बसली होती, तोंडात शब्द आले होते, ‘ते मी शिवलं होतं’, चार शब्द. ते गिळून त्याने गादीचं विचारलं. त्यानंतर जवळजवळ रोज तो तिच्याकडे जायचा, कधी सीताफळं घेऊन, कधी गावातल्या बातम्या घेऊन, आणि ते चार शब्द घरी परत घेऊन यायचा.

पण हातांनी मात्र काम सुरू केलं. क्लिपांचा डबा त्याने भंगारवाल्याला दिला. दुकानापुढे पाटी लावली, मागच्या सीटची बकलं मोकळी करून मिळतील, पैसे पडणार नाहीत. रस्त्यावर ओळखीची शिवण दिसली की गाडीला हात दाखवून थांबवायचा. पानठेल्यावर लोक हसायचे. “बैल गेला आन् झोपा केला सोमाजीनं,” असं कुणी म्हणालं की तो मान खाली घालायचा, कारण बोलणं खरं होतं.

बकल मोकळं झालं की तो पट्टा पूर्ण ओढून पाहायचा. झटका देऊन ओढला तर पट्टा जागीच अडकला पाहिजे, नाही अडकला तर तो पट्टा काही कामाचा नाही. काठ विसकटलेला, उंदराने कुरतडलेला दिसला की बदलायला लावायचा. एकाने पानाचे डाग काढायला पट्टा कपडे पांढरे करायच्या पावडरीत भिजवला होता. त्याच्यावर सोमाजी असा ओरडला की समोरचा कंडक्टर पाहायला आला. “अरे बाप्पा, त्यानं सूत सडते! कोमट पानी घे, साबन घे, आन् सावलीत वाळव. जीव टांगतेस ना त्याच्यावर?” ज्या माणसाने इतकी वर्षं बकलं पुरली तो आता पट्ट्याच्या सुताची काळजी करतो, हे पाहून लोकांना अजूनच हसू यायचं.

एक गाडी मात्र त्याच्या हाताला लागत नव्हती. गुरुजींची. तिचं तोंड नवं बसवून, रंग मारून जुन्या गाड्यांच्या दलालाने ती केव्हाच विकली होती. मागचं कव्हर? ते तर नव्यासारखंच होतं, तेच ठेवलं. म्हणजे तीच सीट, तीच शिवण, तेच बकल खाली, आणि वर कुणीतरी बसून फिरतंय. हा विचार सोमाजीच्या डोक्यात भुंग्यासारखा राहिला. चैत्रात पत्ता लागला, गाडी पोंभुर्ण्याच्या पलीकडे एका जंगलातल्या गावात होती. त्याने थैलीत कात्री, सुई, मरून दोरा आणि गोटाची पट्टी टाकली आणि सकाळच्या बसने निघाला.

घर नीलाबाईचं होतं. अंगणात चटईवर मोहफुलं वाळत होती आणि चिंचेखाली गाडी. नीलाबाईचा मुलगा दिनेश ती चालवायचा, आठवडी बाजाराला गावच्या बाया घेऊन जायचा. सोमाजीने काचेतून वाकून पाहिलं आणि त्याला आपली शिवण दिसली.

“कव्हर कापाचं आहे थोडं,” तो म्हणाला. “पैसे नाई लागत.”

दिनेश चक्रावला. “चांगलं कव्हर काऊन कापता जी? ते पाहून तं गाडी घेतली मी. कोनं पाठवलं तुमाले?”

नीलाबाईने पाहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं. “पानी घ्या आधी, भाऊ. मंग सांगा.”

सोमाजी पाणी प्यायला आणि तांब्या हातात ठेवूनच बोलला. “ही गाडी झाडाले लागली होती. मांगं एक पोट्टी होती. तिच्या हातात पट्टा होता, आन् बकल मी शिवून टाकलं होतं. कोनी सांगतलं नव्हतं मले. कव्हर साजरं दिसावं म्हून. ती आता धड चालू नाई शकत.”

दीड वर्षात पहिल्यांदा तो हे मोठ्याने बोलला होता, आणि तेही अनोळखी माणसांपुढे. नीलाबाई मुलाला गोंडीत काहीतरी म्हणाली. दिनेशने मुकाट्याने गाडीचं दार उघडलं.

सोमाजीने बोटाने चाचपलं. बकल लागलं, टणक, दिव्यानी म्हणाली होती तसंच. शिवणीवर एका जागी दोरा थोडा पिंजलेला होता, नखाने खरवडल्यासारखा. त्याने तिथेच कात्री लावली.

खाली धूळ, शेंगांची टरफलं आणि सुपारीची रिकामी पुडी निघाली. त्याने बकल वर काढलं, पुसलं, गोट लावून कापाला टीप मारली. दिनेशची मुलगी रिना, सातवीत जाणारी, केव्हाची दारात उभी होती. सोमाजीने तिला बसवलं, पट्ट्याचा पीळ काढला आणि तो पोटावर न येता खाली कमरेच्या हाडावर येईल असा नीट केला. टक. बकल लागलं. रिनाने झटका देऊन पट्टा ओढला, तो अडकला, आणि ती खिदळली. सोमाजीला मात्र तिथे बसवेना, तो पलीकडच्या बाजूला गेला. तिकडचं बकलही मोकळं केलं, पण त्यात वाळू घट्ट बसली होती, तीनदा लावलं, तीनदा सुटलं.

“नवं टाकेतोवर इकडे कोनाले बसवू नको, बापू,” त्याने दिनेशला सांगितलं. “आन् मांगं पाच बसवू नको. टोचलं तं टोचू दे.”

सावलीला बस चारला लागली. सोमाजी घरी गेला नाही, थैली खांद्यावर तशीच, इंदुताईच्या अंगणात गेला. दिव्यानी पाठीला ती तिसरी गादी लावून पुस्तक वाचत होती.

“दिव्यानी,” तो उभ्या उभ्याच म्हणाला, “ते मी शिवलं होतं.”

तिने पुस्तक मिटलं. “मले माहीत होतं, काका. मरून दोरा मी नाई ओळखाची का? दीड वर्स झालं, वाट पाहून राह्यली होती तुमी कवा म्हनता.”

सोमाजी खाली ओट्यावर बसला. वाट पाहणारी ती होती आणि तो सीताफळं आणत होता. आज शिवीगाळ झाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“गुरुजींची गाडी सापडली,” तो म्हणाला. “पोंभुर्ण्याकडे. मोकळं केलं ते बकल.”

“लागते?”

“लागते.”

“किती वेळ लागला, काका?” तिने विचारलं.

सोमाजीने थैलीतल्या कात्रीवर हात ठेवला.

“पाच मिनिटं, बाई,” तो म्हणाला.