भार टाकून पाहणारे मामा

अकोल्याचे आमचे मामा कुणाचीही पारख त्याला काम सांगून करत. माझं लग्न ठरायच्या आधी मुलगा घरी आला, तर चहा यायच्या आत मामांनी त्याला ट्रकची बॅटरी उचलायला लावली. त्याने ती ओट्यावर नेऊन ठेवली आणि विचारलं, ‘‘अजून आहे का एखादी?’’

‘‘पोरगं चालते,’’ मामांनी आईला आत जाऊन सांगितलं.

गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान होतं. ‘‘रिकामी बसलेली बॅटरी, चांगली असो का खराब, बारा व्होल्टच दाखवते बाई. भार टाकून पाह्य, मंग समजते,’’ हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. माझे बाबा, म्हणजे त्यांचे भाऊजी, यावर हमखास म्हणत, ‘‘साळेबुवा, तुमच्यावर कोणी टाकला का कधी भार?’’ दोघांचं असं जन्मभर चालायचं.

पुढे मी आणि नवऱ्याने अमरावतीत एक मोटरहोम घेतली. झोपायला, स्वयंपाकाला जागा असलेली गाडी. मेळघाटात जाणाऱ्यांना आम्ही ती भाड्याने देतो. गेल्या हिवाळ्यात बाबा छातीच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते आणि त्यांनी हट्ट धरला, मेळघाटातल्या सेमाडोहला न्या. डॉक्टर म्हणाले, गारठा चालणार नाही. आणि नेमका गाडीतला डिझेलवरचा हिटर बिघडला. सुरू व्हायचा, पंखा घुमायचा आणि गप्प. ‘आतला सर्किट बोर्ड गेला, नवा मागवा, महिना लागेल,’ असं मेकॅनिकने सांगितलं. बाबांनी भरलेली पिशवी स्वतःच रिकामी केली.

मी मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते एसटीने हजर.

बॅटरीला मीटर लावला, साडेबारा. हिटरच्या वायरींना लावला, तिथेही तेवढेच. मग ते म्हणाले, ‘‘आता चालू कर.’’ हिटर पेटायला लागला तसा त्याच्याकडचा आकडा घसरत नऊवर आला. बॅटरीवरचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

‘‘बोर्डाले कावून बदनाम करून राह्यले? करंट वाटेतच अडून राह्यला!’’

ते गाडीखाली सरकले. अर्थची वायर जिथे चेसिसला कसली होती, तिथे बोल्टखाली गंज धरला होता. तो घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. हिटर घुमला तो घुमतच राहिला.

मामांना आम्ही बरोबरच नेलं. सेमाडोहला पहाटे बाहेर दाट धुकं होतं. बाबा खिडकी उघडून सागाची झाडं बघत बसले होते. मागे न वळता ते म्हणाले, ‘‘तुमी नसते, तर मी काही येत नव्हतो इथं.’’

मामा चांगलेच गडबडले. ‘‘भाऊजी, खिडकी लावा आधी. हिटर जंगलाले तापवून राह्यला.’’

फाल्गुनात मामा गेले, दुपारी जेवून पान खाता खाता. तेरवीला बाबा अकोल्याला गेले आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत राहिले, ‘‘ऐन थंडीत, वाघाच्या जंगलात, मी घाम पुसत बसलो होतो. असा साळा आहे माहा.’’

‘होता’ म्हणा, असं त्यांना कुणी सुचवलं नाही.