तळघराचं पाणी आणि शेजारचा माग

आमच्या गुळाच्या दुकानाखाली तळघर आहे. पूर्वी पावसाळ्यात बोळाकडच्या भिंतीतून त्यात पाणी झिरपायचं आणि खाली रचलेले रवे, गुळाच्या ढेपा, पाझरायचे. भिंतीच्या पायथ्याशी वडिलांनी एक भोक ठेवलं होतं. त्यातून येणारं पाणी फरशीतल्या पन्हळीनं मागच्या ओढ्याला जायचं. वडील गेल्यावर मी ते भोक बुजवलं. बैलाच्या घाणीवर मळलेला चुना आणला, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं, भिंतीला बोटभर गिलावा केला. तळघर खडखडीत कोरडं झालं. मी बाजारात मिरवलो.

त्याच पावसाळ्यात बोळापलीकडच्या चाचांच्या मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं. चाचा विणकर. खड्ड्यात पाय सोडून बसल्याशिवाय माग चालत नाही. घागरीनं पाणी उपसताना त्यांनी मला विचारलं, "शेट, औंदा ह्ये पानी कुठनं आलं ओ?"

"पाऊसच तसा हाय की," मी म्हणालो.

मला ठाऊक होतं. माझ्या भिंतीतल्या भोकातून जाणारं पाणी आता त्यांच्याकडे तुंबत होतं. पण भोक उघडलं तर गूळ जाणार. पुढचा पावसाळाही मी गप्प राहिलो. ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्मा आला, तोही प्यायलो.

उन्हाळ्यात चाचा माग सोडवताना दिसले. इचलकरंजीला मेहुण्याकडे निघाले होते. त्यांच्या उंबऱ्यातच मी सांगून टाकलं, "चाचा, ते पाणी माझ्यामुळं आलं. तळघरातलं भोक मी बुजवलंय."

त्यांनी हातातली दोरीची गाठ आधी सोडवली. मग म्हणाले, "म्हाराज राधानगरीला पानी अडवाय लागल्यात. तुमी हितं बोळातच धरण बांधलासा व्हय?"

"मृगाआधी पाण्याला वाट काढून देतो. तोवर जाऊ नका."

"बोलाय काय जातंय, शेट."

दुसऱ्या दिवशी बोळात चर खणायला घेतला. तळघराच्या फरशीहून आणि चाचांच्या खड्ड्याहून खोल, ओढ्याकडे उतरता. वाटेत आमचा घरामागचा ओटा आला. तो फोडताना बायको म्हणाली, "दोन वर्षं तोंड फुटलं नाही, आता मामंजींनी बांधलेला ओटा फोडा." पुढे कातळ लागला. गडी म्हणाले, वरनं काढूया. उथळ चरानं चाचांचा खड्डा रिकामा झाला नसता. मी स्वतः पहार घेतली. हाताची सालटी गेली, पण कातळ फुटला. तळाला पाणी वाहायला मोठे दगड, वर खापऱ्या, त्यावर वाळू आणि माती घालून चर बुजवला.

आषाढात झड लागली तेव्हा ओढ्यावर जाऊन चराच्या तोंडाशी उभा राहिलो. आधी गढूळ पाणी आलं, मग निवळ, चांगलं मनगटाएवढ्या धारेनं. घरी आलो, तळघरात उतरून भिंतीवर हात फिरवला. कोरडी होती. वर आलो तर बोळापलीकडून मागाचा ठोका ऐकू येत होता.

चाचा इचलकरंजीला गेले नाहीत. शिरखुर्मा मात्र पुन्हा आला नाही, आणि मीही त्याची वाट पाहत नाही. दर वर्षी मृगाआधी चराचं तोंड मी स्वतः उपसतो. ते काम गड्यांवर सोडत नाही.