अंधारगडच्या राजाची हाक

आमच्या कळंब्यात आकारामतात्यांच्या दोन गोष्टी नावाजलेल्या. एक त्यांची हरणी म्हैस आणि दुसरा त्यांचा आवाज. नव्वद सालापासून दहा-बारा वर्षं जत्रेच्या नाटकात खलनायक तेच. पुढच्या रांगेतली पोरं त्यांच्या गर्जनेनं आईच्या पदरात तोंड लपवायची. एका वर्षी तर बायडाबाईनं आठवडाभर त्यांच्याकडचं दूध बंद केलं होतं, असल्या पाप्याच्या घरचं नको म्हणून.

जनावरांशी मात्र हा आवाज निराळा व्हायचा. तळ्याच्या बांधावर उभं राहून ते हलकेच म्हणायचे, "ये गं बाय, ये." पाण्यात डुंबणारी हरणी कान उभारायची आणि निथळत सरळ त्यांच्याकडं यायची. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेली हरणी भर गर्दीतून त्यांच्यामागं दाव्याशिवाय चालायची. त्या हाकेचा एक नेम होता, वडिलांपासून चालत आलेला. हाकेनं जनावराला कधी फसवायचं नाही. डॉक्टरांची सुई टोचायची असो की बाजारात विकायला न्यायचं असो, दावं लावून ओढत न्यायचं. हाक मारून नाही.

दोन हजार सात साली शेजारच्या बाळासोंचा संग्राम पुण्याची नोकरी सोडून आला आणि कोल्हापुरात राजारामपुरीत एक खोली घेऊन मित्रांसोबत कॉम्प्युटरवरचा मराठी खेळ तयार करू लागला. कुणी कोल्हापुरातून, कुणी नाशकातून इंटरनेटवरनं एकाच वेळी खेळात शिरणार, कुणी योद्धा होणार, कुणी वैद्य, आणि सगळे मिळून अंधारगडच्या राजाशी लढणार. त्या राजाला आवाज हवा होता. आईच्या पदरात तोंड लपवलेल्या पोरांत संग्रामही होता.

पाडवा आठ दिवसांवर असताना संग्रामच्या बोलावण्यावरून तात्या राजारामपुरीत गेले. भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत माईकसमोर चार वेळा गर्जले. संग्राम अवघडला. गर्जना झकास आहे, पण खेळणाऱ्याला हसू येईल, असं त्यानं कसंबसं सांगितलं. हा राजा दमलेल्या योद्ध्यांना विसाव्याला म्हणून गोड बोलून गडात घेतो आणि तिथं संपवतो. मग म्हणाला, "तात्या, हरणीला मारता ती हाक मारा की."

तात्या माईकपासून मागं सरले. "ती मिळायची न्हाय. त्या हाकेनं खोटं बोललो, तर पाडव्याला हरणी कुठल्या तोंडानं बोलवू?"

हरणी काय खेळ ऐकायला येणार आहे, असं म्हणून संग्राम हसला.

"तिला कळायचं न्हाय रं. माझ्या आवाजाला कळंल की."

ते निघून गेले. संग्राम दुसरा आवाज शोधू लागला, पण मनासारखा मिळेना. चौथ्या दिवशी तात्या आपणहून दारात उभे राहिले, गाडीला रिकाम्या किटल्या तशाच अडकवलेल्या. धार काढताना त्यांनी राजाचा विचार केला होता. फसवतो तो भित्रा, ते म्हणाले. ज्याला कुणाचंच भ्या नाही, तो खोटं कशाला बोलेल? खरं सांगूनच बोलवेल. मग गडात येणार कोण, असं संग्रामनं विचारलं. तात्यांनी त्याला माईकच्या पलीकडं समोर उभं केलं. भिंतीशी बोलायची त्यांना सवय नव्हती. बांधावरच्या त्याच आवाजात हलकेच म्हणाले,

"ये रं बाबा, ये. आत आलास तर जित्ता जाणार न्हाईस. तुझ्या आधी आले, त्यांस्नीबी हेच सांगितलं. ये."

संग्राम दोन पावलं पुढं गेला होता. माईकला छाती लागली तेव्हा त्याला कळलं.

पुढं खेळ सुरू झाल्यावर कितीतरी खेळणारे लढायचं सोडून अंधारगडच्या दाराशी नुसते ऐकत उभे राहायचे म्हणतात. पण ते नंतरचं. आधी पाडवा आला.

चौकात हलगी कडाडत होती. गळ्यात घुंगरमाळ घातलेली हरणी पलीकडच्या टोकाला उभी. तात्यांनी दरवर्षीसारखं दावं सोडून खांद्यावर टाकलं, इकडच्या टोकाला आले. हात वर केल्यावर हलगी थांबली.

"ये गं बाय, ये."

हरणीनं मान वळवली. गर्दी आपणहून दुभंगली. घुंगरं वाजवत, कुणाकडं न बघता ती चालत आली आणि तात्यांच्या खांद्यावरच्या दाव्याला नाक घासत उभी राहिली.