बाईंचा रिपोर्ट वेळेवर आला होता

काचेची बशी खिडकीपाशी तिरकी धरून बाई एक डोळा मिटत आणि म्हणत, “थांबा डॉक्टर, खळं पडलंय का बघू द्या.” बशीत वाढवलेले जंतू, त्यांवर औषधांच्या टिकल्या. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नसत. चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं दिसे.

उमरग्यात हमरस्त्यालगत माझा दवाखाना, समोरच्या गाळ्यात बाईंची लॅब. मी घाईचा माणूस. “जंतूला वाढायला वेळ लागतो. मी काय त्याच्यावर ओरडू?” असं त्या मला ऐकवत. एकदा माझ्या टेबलाकडं बघून म्हणाल्या, “पेन कंपनीचं, पॅड कंपनीचं. औषध तरी स्वतःच्या मनानं लिहिता ना?” मी हसलो. तुम्हीही हसला असता. बाई बोलायच्याच तशा.

लोहाऱ्याकडच्या एका घरची सून आली, सोबत दीर. लघवीतला संसर्ग रक्तात उतरलेला. मी आल्या आल्या नमुना बाईंकडं पाठवला, भारी इंजेक्शन सुरू केलं आणि दिराला सांगितलं, “याच्या वर औषध नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. “हे बंद करा. खळंच नाही.”

“डोस दुप्पट करतो.”

“काय उपयोग न्हाय, डॉक्टर!” चिडल्या की बाईंची गावची बोली वर येई. “तुमच्या औषधात एक कडं असतंय, सगळा जोर त्यावरच. ह्या जंतूकडं ते कडं तोडणारं प्रथिन हाय. एक तोडलं की ते मोकळं, लगेच दुसरं धरतंय. दुप्पट द्या, ते दुप्पट तोडतंय. खाली दुसरं औषध लिहिलंय, आजच सोलापूरहून मागवा.”

मला पटलं होतं. पण दिराला काय सांगणार? याच्या वर काही नाही, असं मीच म्हणालो होतो. मी डोस दुप्पट केला. ती गेली.

“कशानं गेली, साहेब?” दिरानं विचारलं. बाई दारात उभ्या होत्या.

मी म्हणालो, “रिपोर्ट उशिरा आला.”

आता बाई बोलतील, असं वाटलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग रस्ता ओलांडून निघून गेल्या.

लोक लॅबची पायरी चढेनात. शेवटी बाईंनी ती बंद केली. त्यांचा फ्रीज टेम्पोत चढत होता तेव्हा मी आतल्या खोलीत, पेशंट तपासत असल्यासारखा, एकटा बसून होतो.

बाई वारल्याचं अलीकडंच कळलं. मी लोहाऱ्याला गेलो, दिराला सगळं सांगितलं. शेळ्यांना पाला टाकणारे त्याचे हात थांबले.

“आमी त्या बाईला गावभर शिव्या दिल्या. म्या सोता तिच्या दारात जाऊन थुंकून आलो. तवा तुमी समोरच व्हता की?”

“होतो.”

त्यानं उरलेला पाला शेळ्यांपुढं टाकला. त्या दिवशी तो थुंकून गेल्यावर बाई बादली घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी पायरी धुतली, मग फडक्यानं कोरडी पुसली, कुणीतरी आत येणार असल्यासारखी.