उसन्या गायी, अंक तिसरा

अग्लायामावशी गेली त्याला आज अकरा दिवस झाले. मला अजून नीट रडता आलेलं नाही. म्हणून लिहून बघते.

ती आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. आम्ही चौथ्यावर. गावच्या नाट्यगृहात तिने एकतीस वर्षं प्रॉम्प्टर म्हणून काम केलं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, प्रेक्षकांकडे पाठ केलेली एक पेटी असायची. मावशी त्या पेटीत. डोकं रंगमंचाच्या फळ्यांच्या पातळीला, समोर नाटकाची वही आणि एक छोटा दिवा. नट अडला की पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचवायचं, पहिल्या रांगेला पत्ता लागू न देता.

सगळ्या नटांना ती बुटांवरून ओळखायची. चेहरा काय, रंगवता येतो, म्हणायची. नट घाबरलाय की नाही ते टाचा सांगतात.

मी इयाश शहरातल्या विद्यापीठात साहित्य शिकले आणि तिथेच एका कचेरीत चिकटले. आमच्या देशातल्या नाटककारांचा कोश तयार होतोय. तिसऱ्या खंडाच्या कामावर मी सगळ्यात धाकटी. मागच्या वसंतात वडिलांनी जिन्यात मावशीला हे सांगितलं. पुढच्या शनिवारी मी घरी आले, तर ती आंबट चेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन दारात उभी. आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली, आणि कोशात एकंदर किती नावं आहेत असं विचारलं. सहाशेच्या वर, मी म्हणाले.

"तुझ्या सहाशेत साव्हिन पिंतिल्येस्कू आहे का?"

हे नाव मी ऐकलंही नव्हतं.

"नाही, मावशी."

"मग घाल."

"असं मनाला येईल ते नाव घालता येत नाही. नियम असतात."

"नियम मला शिकवू नकोस. तू जन्मायच्या आधी मी नियमांसमोर बसलेली आहे."

साव्हिन पिंतिल्येस्कू आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा. १९७९ साली त्याने एक नाटक लिहिलं, 'उसन्या गायी'. तीन अंकी विनोदी नाटक. एका सामुदायिक शेतीवर कागदावर दोनशे गायी आहेत, गोठ्यात साठ. राजधानीतून साहेब बघायला येणार. मग शेजारच्या शेतांवरून ट्रक भरभरून गायी उसन्या आणतात, आणि साहेब पुढच्या गावी पोचायच्या आत त्याच गायी तिथे नेऊन उभ्या करतात. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण गावात हेच चाललेलं होतं. नाट्यगृहाने नाटक घेतलं. दोन महिने तालमी झाल्या. नाटक लोकांपुढे जाण्याआधी सरकारी समिती ते बघायची, आणि समितीने बघण्याच्या सहा दिवस आधी संहितेतली काही वाक्यं वरून लाल पेन्सिलने खोडून आली. समितीने नाटक पाहिलं आणि बंद केलं. टाइप केलेल्या सगळ्या प्रती, मावशीची वहीसुद्धा, जमा करून घेतल्या. साव्हिनला डोंगरातल्या एका शाळेत पाठवलं. तिथे तो दहा वर्षं जगला. दुसरं काही लिहिलं नाही.

सोमवारी मी लेओन्ते सरांना विचारलं. ते आमचे प्रमुख. भला माणूस, खोकला जुना. त्यांनी ऐकून घेतलं. कोशाचा नियम असा की नाटककाराचं एक तरी नाटक छापलेलं हवं, नाहीतर लोकांपुढे झालेलं हवं. समितीपुढे झालेला प्रयोग हा प्रयोग नव्हे.

सर म्हणाले, "कवी असता तर एक वही पुरली असती. नाटककाराला आपल्याकडे साहित्यात मागच्या दारानेच यावं लागतं, आणि तिथेही तिकीट विचारतात. पूर्ण संहिता आण. मग मी नियमाशी भांडतो. नोव्हेंबर संपायच्या आत."

ते खरंच आहे. आमच्याकडे कवीचं नाव पाठ असतं आणि नाटककाराचं वाक्य. कचेरीच्या खिडकीशी, दवाखान्याच्या रांगेत, लोक शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकांतली वाक्यं एकमेकांच्या तोंडावर फेकतात आणि हसतात. कोणी लिहिलं ते कोणाला आठवत नाही. ज्यांची वाक्यंही लोकांपर्यंत पोचली नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न मला पदवीच्या परीक्षेत कोणी विचारला नव्हता.

मी मावशीला म्हणाले की संहिता नाही, तर काही होणार नाही. तिने कपाळावर बोट ठेवलं. संहिता इथे आहे.

पण ती बाहेर काढायची कशी, हे तिलाही माहीत नव्हतं. "सांग," म्हटलं की तिला एक ओळ आठवायची नाही. दोन शनिवार तसेच गेले. तिसऱ्या शनिवारी तिने मला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं, स्वतः बुटक्या स्टुलावर बसली, आणि पहिलं वाक्य माझ्या हातात दिल्यासारखं दिलं. मी ते मोठ्याने म्हणाले. पुढे काय ते मला माहीत नव्हतं. मी थांबले. ती लगेच कुजबुजली. मी ते म्हणाले. पुन्हा अडले. पुन्हा कुजबुज.

तिला नाटक पाठ नव्हतं. अडलेल्या माणसाला पुढचं वाक्य देणं तिला येत होतं. समोर कोणी अडलं तरच तिला आठवायचं.

अशा रीतीने आम्ही पहिला अंक काढला. दर शनिवारी दीड तास. मी उभी राहून ओरडायचे, ती माझ्या चपलांकडे बघत कुजबुजायची. मध्येच माझी थट्टा. ग्रिगोरे तोदिराश, त्या नाटकात म्हाताऱ्या गुराख्याचं काम करणारा नट, दारू पिऊन यायचा तरी तुझ्यापेक्षा बरा बोलायचा. तू साहित्य शिकलीस की तलाठीपणा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन विचारलं, की गायी कुठल्या आणि कोण कोणाला उसन्या देतंय. मावशीने त्यांना लिंडनच्या फुलांचा चहा पाजून परत पाठवलं.

मी फोनवर ध्वनिमुद्रणही करत होते. घरी ऐकलं तर त्यात मी एकटी. मावशीचा आवाज कुठेच नाही. अधूनमधून नुसती फुंकर घातल्यासारखं काहीतरी. तिला जरा मोठ्याने बोल म्हटलं, तर तिने प्रयत्न केला, आणि वाक्य विसरली. मग मी तो नाद सोडला आणि दर वेळी लिहून काढू लागले.

नाटक चांगलं होतं. मी हे मैत्रीपोटी म्हणत नाही. दुसऱ्या अंकात दोन गावांचे लोक एकाच गायीला आपापल्या नावाने हाका मारतात आणि गाय कोणाकडेच बघत नाही, तिथे मी उभ्याउभ्या हसले. मावशीही हसली, पण पेटीत हसतात तसं, खांदे न हलवता.

सप्टेंबरच्या शेवटी तिसरा अंक सुरू झाला. अर्ध्यावर आला. साहेब रांगेने गायी बघत येतात आणि म्हाताऱ्या गुराख्याला विचारतात: गायी तर फार ऐटबाज दिसतात, कुठून आणल्या? मी हे म्हणाले आणि थांबले.

मावशी बोलली नाही.

मी पुन्हा म्हणाले. ती माझ्या चपलांकडे बघत राहिली. मला वाटलं, थकली. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी म्हणाले, हे वाक्य सोडून पुढचं दे. तसं होत नाही, ती म्हणाली. ऑक्टोबर सरत आला. माझ्या डोक्यात लेओन्ते सरांची तारीख होती. त्या शनिवारी मी चिडले. एका वाक्यापायी हा माणूस कोशाबाहेर राहणार, आणि ते तुझ्यामुळे, असं बोलून गेले.

"माझ्यामुळेच," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा रटरटत होती, ती तिने आधी उतरवली.

लाल पेन्सिलने खोडलेल्या वाक्यांत हे एक होतं. मावशीच्या वहीतही ते खोडलेलं होतं. पण दोन महिने तिने पूर्ण संहितेवर तालमी केल्या होत्या, आणि खोडलेल्या संहितेवर फक्त सहा दिवस. समितीची नऊ माणसं तिसऱ्या रांगेत. ग्रिगोरेची पाचावर धारण बसली होती. साहेबाचा प्रश्न आला, आणि ग्रिगोरे अडला. त्याच्या टाचा उचलल्या गेल्या. त्याने पेटीकडे पाहिलं.

"मी वहीत पाहिलं नाही. अडलेल्या नटाला बघून वहीत कोण बघतं? तोंडात आलं ते दिलं."

"आणि त्याने म्हटलं?"

"नट आहे तो. दिलं ते म्हणणार."

मग ते वाक्य तिने मला सांगितलं. कुजबुजून नाही. साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

"या गायींनी अख्खा जिल्हा पाहिलाय, साहेब. आम्हालाच गावाबाहेर सोडत नाहीत."

तिसऱ्या रांगेतलं कोणीतरी मोठ्याने हसलं. मग त्याला आपण कुठे बसलोय ते आठवलं. त्यानंतरची शांतता मावशी पाठीवर घेऊन बसली होती, कारण प्रेक्षकांकडे तिची पाठ होती.

सगळ्यांना वाटलं, ग्रिगोरेने मुद्दाम म्हटलं. त्याला वर्षभर काम दिलं नाही. साव्हिनलाही तसंच वाटलं. डोंगरात जाण्याआधी तो ग्रिगोरेच्या घरी गेला, त्याला मिठी मारली, म्हणाला, माझं एक वाक्य तरी तू त्यांच्या तोंडावर म्हणालास, मला पुरे आहे. ग्रिगोरे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो मावशीला म्हणाला, तूही बोलू नकोस. त्या माणसाजवळ आता तेवढंच आहे.

म्हणून ती बोलली नाही. साव्हिन गेला. आठ वर्षांपूर्वी ग्रिगोरेही गेला. कबूल करायलाही कोणी उरलं नाही.

मी साहित्याची पदवीधर आहे. इतकंच म्हणाले, की तू चूक केली नाहीस, तू काम केलंस. ती म्हणाली, हेच तर. दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं नसतं.

मग तिने ताटं मांडली. पुढचं सगळं वीस मिनिटांचं आहे, म्हणाली. आता अडणार नाही. सोमवारी तू सुट्टी काढ, एका बैठकीत संपवू.

रविवारी सकाळी ती बाजारात दुधाच्या रांगेत उभी होती. तिथेच खाली बसली. लोकांनी आधी तिला हातात हात देऊन उठवायचा प्रयत्न केला. मग कोणीतरी टोपी काढली.

तिसऱ्या दिवशी पुरलं. चर्चमध्ये साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट फिरलं. नाट्यगृहातून दोन माणसं आली होती, दोन्ही तरुण. ती पेटी त्यांनी पाहिलेलीही नव्हती. ती काढून टाकून बरीच वर्षं झाली.

शुक्रवारी मी लेओन्ते सरांकडे गेले. अडीच अंक त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी तिथेच वाचले, सगळे. दोनदा हसले. मग चष्मा काढला.

"हे कोणाचं आहे?"

"साव्हिन पिंतिल्येस्कूचं."

"तू म्हणतेस. तुझ्या अक्षरात आहे. ध्वनिमुद्रण?"

मी फोनवरचं ध्वनिमुद्रण लावलं. खोलीत माझा आवाज भरला. मी बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, यात तर तूच आहेस."

त्यांनी मान्य केलं की माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. विश्वास हा पुरावा नाही, हेही म्हणाले. शेवट असता तर त्यांनी मंडळासमोर नेलं असतं. शेवटाशिवाय नेलं तर लोक म्हणणार, एका मुलीने आणि एका म्हातारीने शनिवारी बसून रचलं. ते खोटं बोलत नव्हते.

परवा दुपारी मी ती उरलेली वीस मिनिटं लिहिली. त्या अंकाचा शेवट. इतके महिने ती माणसं माझ्या तोंडी होती, मला त्यांना बोलतं करता आलं. साहेब निघून जातात, ट्रक येत नाहीत, परक्या गायी गोठ्यातच राहतात, आणि त्यांना चारा कोण घालणार यावरून भांडण. चांगलं उतरलं. सरांना फरक कळला नसता. कोणालाच कळला नसता, कारण ज्यांना कळला असता ते नाहीत.

मी ते उभं राहून मोठ्याने वाचलं. सलग. कुठेही अडले नाही. त्यावरून कळलं की हे त्याचं नाही. मी कागद फाडले नाहीत. सरांना दिलेही नाहीत. माझ्या पिशवीत आहेत. त्यांचं काय करायचं मला कळत नाही.

काल तिसऱ्या खंडाची मुद्रितं तपासायला आली. पी अक्षर माझ्याकडे. त्या पानावर डावीकडे एक वकील आहे, त्याने दोन पद्य नाटकं स्वतःच छापली होती, ती कोणी केली नाहीत. त्याच्या लगेच खाली एक डॉक्टर, पाच एकांकिका. दोघांच्या मध्ये, जिथे पिंतिल्येस्कू आला असता, एक कोरी ओळ आहे. प्रत्येक दोन नावांमध्ये असते तेवढीच.

मी वकिलाच्या जन्मसालातला एक आकडा दुरुस्त केला. डॉक्टरच्या नोंदीत एक स्वल्पविराम घातला. पानाखाली 'तपासलं' असं लिहून सही केली, आणि पान पुढे दिलं.