शेवाळी बाकं

चर्चमधल्या बाकांचा रंग पाळकीणबाईंनी स्वतः तयार केला होता. खिडक्यांचा उरलेला निळा, कोणीतरी दान दिलेला पिवळा आणि डब्याच्या तळाशी घट्ट झालेला करडा, सगळं एकत्र ढवळलं. त्यातून जे निघालं त्याला लोक शेवाळी म्हणू लागले. पाळक, म्हणजे बाईंचे यजमान, भांडणाला भिणारा भला माणूस. ते म्हणाले, "डोळ्यांना थंडावा देतो हो." असा रंग दुसरीकडे कुठे मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी पैसे देऊन कोणी घेतला नसता.

तोच रंग बाईंना एके सकाळी शिंप्याच्या शटरवर दिसला.

शिंपी दूरच्या मुलखातून पोटापाण्यासाठी आलेला, काळाकुळकुळीत, मितभाषी, आणि याच चर्चच्या मंडळीतला. आदल्या संध्याकाळी बाजारात कोणीतरी कंडी पिकवली की बाहेरून आलेल्या काळ्या लोकांनी एक मुलगी पळवली. मुलगी मावशीकडे जेवत बसली होती. ती घरी परतेपर्यंत जमावाने त्या लोकांची दुकानं फोडली होती. शिंप्याचं मशीन रस्त्यावर आपटलं, आणि ते सोडवायला तो गेला तेव्हा त्याचा हात मोडला. शटरवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: काळ्यांनो, चालते व्हा. आत शिंप्याची बायको गाठोडी बांधत होती. पोलीस येऊन गेले होते. कोणी पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्या बाजाराने कानांवर हात ठेवले.

बाकांचा उरलेला रंग बाईंच्या धाकट्या भावाने फाटकाला लावायला म्हणून नेला होता. त्या तशाच त्याच्या सायकलच्या दुकानात गेल्या.

"डबा कुठाय?"

"संपला, ताई."

"फाटक तर अजून गंजलेलंच आहे."

भावाने चाकावरची नजर काढली नाही. "सगळेच होते गं तिथे. मी कोणावर हात नाही टाकला. नुसतं लिहिलं."

"मग चौकीत जाऊन तेवढंच सांग. तू काय लिहिलंस आणि मोडतोड कोणी केली."

"वेड लागलंय का तुला? रोज त्यांच्यातच राहायचंय मला. आणि आईला काय वाटेल?"

"आईला मी बघते," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. याला त्यांनी कडेवर खेळवलं होतं.

घरी पाळक म्हणाले, "आपण प्रार्थना करू. शटर रंगवून देऊ."

"प्रार्थना करूच. पण रंगवलं की सगळे विसरायला मोकळे. शिंपी निघून जाईल आणि आपण छान गाणी म्हणत बसू." पाळकांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, शिंप्याच्या दुकानासमोर नेऊन ठेवली आणि तिथे बसून रविवारचा उपदेश लिहायला घेतला. त्या दिवसापासून रोज दुपारी ते तिथेच. त्यांना भीती वाटत होती, पण खुर्ची काही हलली नाही.

रविवारी लोक आले तेव्हा बाकं अंगणात होती.

"शटरवरचा रंग या बाकांचा आहे," बाईंनी सांगितलं. "ज्याने लावला तो आपल्यातलाच आहे. माझा भाऊ आहे. तो चौकीत जाऊन खरं सांगेपर्यंत यांवर कोणी बसायचं नाही."

त्यांची आई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली. भाऊ आलाच नव्हता. मंडळीच्या पंचांपैकी एक, निवृत्त हेडमास्तर, म्हणाले, "भावाचं पाप, आणि शिक्षा आमच्या गुडघ्यांना?"

"हो," बाई म्हणाल्या.

चार घरं दुसऱ्या चर्चला जायला लागली. बाकीचे कुरकुरत उभे राहिले. ओळी मोडल्या, लोक दाटीवाटीने कुठेही उभे राहू लागले. पाळकांनी उपदेश निम्म्यावर आणला, ज्याची मंडळी कित्येक वर्षं वाट बघत होती. शिंप्याची गाठोडी अजून दाराशीच होती. प्लास्टर निघालं की जाऊ, असं तो म्हणे.

मग एका सकाळी भाऊ बाईंच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली.

"आई घरात बोलत नाही माझ्याशी," तो म्हणाला. "चल, ताई. एकट्याने नाही जमायचं."

चौकीत त्याने सगळं सांगितलं. नावं घेतली, त्यात त्याचा जिवलग मित्रही होता. संध्याकाळी त्यातल्या दोघांना अटक झाली. भावावरही गुन्हा नोंदला गेला. बाई घरी येऊन पोटभर रडल्या.

पुढच्या रविवारी माणसं बाकं आत आणू लागली. बाई शिंप्याजवळ गेल्या. आपण एक मोठं काम तडीला नेलं, असं त्यांना वाटत होतं, आणि का वाटू नये?

"आता राहाल ना? बसा तुमच्या जागेवर."

"माझी जागा पुरुषांकडच्या शेवटच्या बाकावर, बाई," शिंपी म्हणाला. "या गावात आलो तेव्हापासून तिथे एकटाच बसतो. कोणी ऊठ म्हटलं नाही. पण शेजारीही कोणी बसलं नाही. हे सगळे उभे होते ना, तेव्हा पहिल्यांदा इथे माझ्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागला."

बाई दर रविवारी मंडळीकडे पाठ करून ऑर्गन वाजवत. त्यांनी मागे वळून कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या दाराकडे वळल्या.

"ठेवा ती बाकं बाहेरच."

"अहो, आता आणखी किती दिवस?" हेडमास्तर कळवळून म्हणाले.

"यांना विचारा."

हेडमास्तर गुडघा चोळत आले, शिंप्याला अगदी लागून उभे राहिले आणि तेच पुन्हा विचारलं.

"पुढच्या रविवारी सांगतो," शिंपी म्हणाला.