मुंजाजीची बाजू

जेवणाच्या सुट्टीत बाररूममधला पंखा नुसता गरम वारा फिरवत असतो. दिगंबर वट्टमवार वकील डबा बाजूला सारून, हातावर डोकं टेकून टेबलावर कलंडले आहेत. पाच मिनिटं पडावं म्हणतात. तीनला रंगनाथ डाखोरेच्या जामिनाचा पुकारा आहे. विधी सेवा प्राधिकरणाने गरिबासाठी नेमून दिलेली फुकटची केस. पण तीनलाच पलीकडच्या कोर्टात फीवाल्या पक्षकाराचा युक्तिवाद आहे, म्हणून रंगनाथच्या केसमध्ये मुदतीचा अर्ज लिहून तयार. दोन्हीकडे बोलावणं आलं की मुदत कुठे मागायची, हे कुणी शिकवत नाही. सगळ्यांना ते येतंच.

रंगनाथचा थोरला भाऊ मुंजाजी भांडणात माणूस मेल्याच्या याच केसमध्ये आरोपी होता. त्याच्या जामिनालाही वकिलांनी दोनदा मुदत घेतली. तिसऱ्या तारखेआधी तो तुरुंगातच काविळीने गेला. बातमी आली तेव्हा वकील चहा पीत होते. त्यांनी तो संपवला. वाईट वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

डोळा लागतो न लागतो, तो समोरच्या खुर्चीत मुंजाजी बसलेला आहे.

"बसू का, सायब?" बसल्यावर विचारतो.

"बस की." तो मेलाय हे वकिलांना आठवतं, पण तोंडावर कसं म्हणायचं? "कसा आहेस?"

"आता बरं हाय. पोटात दुकत न्हाई. मला वळखलं का?"

"ओळखलं ना. डाखोरे."

"कोन्ता?"

वकील त्याचा चेहरा निरखतात. तारखेला हा तुरुंगातून कोर्टाच्या पडद्यावर दिसायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याला मिशी आहे हे त्यांना आज कळतंय.

दोघं जिना उतरत आहेत. खाली कोर्टाचं आवार नाही, तूर काढून नेलेलं रान आहे आणि धसकटांत आरोपीचा पिंजरा उभा आहे. मुंजाजी सवयीने आत जाऊन उभा राहतो.

"जजसायब?"

"जेवायला गेलेत."

"मग तुमीच इचारा. एवढ्या दिसांत जे इचारलं न्हाई, ते."

पोलिसांचं दोषारोपपत्र वकिलांना तोंडपाठ आहे. फीवाल्या पक्षकाराला मात्र ते आधी समोर बसवतात, चहा पाजतात आणि त्याची हकीकत ऐकतात. या दोघा भावांची वकीलपत्रं अंगठे उमटवून तुरुंगातून थेट आली होती.

"भांडणात तो माणूस मेला," वकील विचारतात, "त्या दिवशी तुम्ही दोघं कुठे होता?"

"लिवून घ्या." कागद सापडत नाही. "हातावर लिवा की."

मुंजाजी सावकाश सांगत जातो. गाव, वेळ, सोबतच्या माणसांची नावं. तळहात भरतो, मनगट भरतं, वकील लिहीत राहतात. बाजू इतकी सरळ आहे की जामीन एका तारखेत व्हावा.

"अरे, हे आधी का नाही सांगितलंस?"

"पडद्यावर हात वर केल्ता म्या. तुमी मुदत मागून निगून गेलात."

तो चिडत नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं," वकील म्हणतात. शब्द बाहेर पडतात, आत काही हलत नाही.

"माजं ऱ्हाऊ द्या. रंग्याचं पोट दुकाया लागलंय, सायब."

"वट्टमवार, उठा! पावणेतीन झाले." शेजारच्या टेबलावरच्या इंगोलेबाई खांदा हलवत आहेत.

डोक्याखाली दबून डावा हात पार बधिर झालाय. वकील तो उजव्या हाताने उचलून समोर धरतात. तळहातावर निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात एक ओळ आहे: त्या दिवशी तुम्ही दोघं कुठे होता?

त्याखाली काही नाही. मनगटापर्यंत हात कोरा. ते नावं आठवून बघतात, गाव आठवून बघतात. एकही आठवत नाही.

खिडकीखाली पोलिसांची गाडी लागली आहे; आज आरोपींना पडद्यावर नाही, प्रत्यक्ष आणलंय. जाळीमागे एक माणूस पोटाशी हात धरून वाकून बसलाय. उत्तर माहीत असलेला तेवढा एकच उरला आहे. मुंग्या आलेला हात तसाच उघडा धरून वकील जिना उतरू लागतात.